पुढच्या संमेलनात एक संध्याकाळ माहितीपटांना द्या

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातल्या मराठी साहित्य संमेलनांच्या सर्व संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की आपल्याकडे संमेलनांची लगबग सुरू होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी... थंडीचे सगळे महिने कुठे ना कुठे मंडप पडलेला असतो. ग्रंथदिंडी, पोरांचं लेझीम, कळस घेतलेल्या बायका, शाळेच्या मैदानातली पंगत. हे सगळं तुम्ही मुख्यतः गावच्या वर्गणीवर उभं करता, शेतीची कामं आणि नोकऱ्या सांभाळून करता, आणि परवानग्यांसाठी किती खेटे घालावे लागतात हेही आम्ही बघतो. छापील पुस्तकातला लेखक मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो अशाच एका मंडपात. म्हणून हक्काने मागते आहे. पुढच्या हंगामात प्रत्येक संमेलनातलं एक सत्र माहितीपटांना द्या, आणि ते दिवेलागणीनंतर द्या.

वेळेचा आग्रह का, ते आधी सांगते.

अलीकडे पाहुण्यांच्या यादीत सिनेमावाल्यांची नावं वाढली आहेत. मोठं नाव पत्रिकेवर असलं की वर्गणी लवकर जमते, गर्दी होते, पेपरात फोटो येतो. यात गैर काही नाही. पण एका गावात (गावाचं नाव घेत नाही, पाहुण्यांचंही नाही) मी जे पाहिलं ते तुमच्या कानावर घालायलाच हवं. पाहुणे प्रसिद्ध दिग्दर्शक होते. त्यांचे सुरुवातीचे दोन चित्रपट आम्ही कॉलेजात असताना पुन्हा पुन्हा पाहिलेले. साध्या माणसाचं दुःख कसं दाखवावं ते त्यांच्याकडून शिकावं, असं आम्ही म्हणायचो. त्या दिवशी ते तासभर बोलले ते नव्या चित्रपटाच्या सेटबद्दल, घोड्यांबद्दल, पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्याबद्दल. श्रोत्यांतून कुणीतरी सीमाप्रश्नाचं विचारलं. "योग्य वेळ आली की त्यावर भव्य चित्रपट करू," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. जेवण झालं, गाडी निघाली.

मग दुपारी तीन वाजता वडगावच्या दोन मुलांची बावीस मिनिटांची फिल्म लावली. मंडप पांढऱ्या-पिवळ्या कापडाचा, वर रणरणतं ऊन. पडद्यावर काहीच दिसेना. आवाज भोंग्यातून, तोही घुमणारा. पाच मिनिटांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. निवेदकाने "वेळेअभावी" म्हणून फिल्म मध्येच थांबवली आणि कथाकथन सुरू केलं.

ती फिल्म मी नंतर त्या मुलांच्या घरी पूर्ण पाहिली. एका म्हाताऱ्या विणकराच्या घरची आहे. घरात चार यंत्रमाग. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, हे वडगाव, खासबाग, शहापूरच्या माणसाला सांगायला नको. मुलांनी त्या आवाजावर गाणं टाकलं नाही, आवाज कमीही केला नाही. तो तसाच चालू ठेवला. आजोबा धागा तुटला की वाकतात, गाठ मारतात, पुन्हा दांडा ओढतात. पुढे लाइट जाते. चारही माग एकदम थांबतात आणि आजोबा बोलायला लागतात, कारण आताच बोलता येतं. मुलगा सुरतेला गेला, साडीला भाव नाही, सुताचे दर वाढले, हे सगळं ते लाइट नसतानाच्या तेवढ्या वेळात सांगतात. मध्येच सून काहीतरी विचारते, तिला कन्नडमध्ये उत्तर देतात आणि पुढचं वाक्य पुन्हा मराठीत. मग लाइट येते. ते उठून मागाकडे जातात आणि वाक्य अर्धंच राहतं.

सीमाभागातल्या घरातलं जगणं इतक्या खरेपणाने मी आजवर कुठल्याही मोठ्या पडद्यावर पाहिलेलं नाही. गल्ल्याच्या गोष्टी तासभर ऐकल्या त्याच मंडपात या मुलांना पुरती बावीस मिनिटंही मिळाली नाहीत.

त्या दिवसापासून मनात येतं ते दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचं, म्हणजे आपल्या शांतारामबापूंचं. ते आपले शेजारी. १९०१ साली कोल्हापुरात जन्मले आणि पोरवयात हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात राबले. तिथल्याच पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करता करता त्यांना सिनेमा जवळून दिसला. पुढे बाबूराव पेंटरांकडे कोल्हापुरात गेले. बाबूरावांनी १९२५ साली सावकारी पाशात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली, त्यातला तरुण शेतकरी शांतारामबापूच होते. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या काळात, १९३७ साली, त्यांनी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीची बाजू 'कुंकू'त मांडली. ती अशी मांडली की आजही आमच्या घरातल्या बायका तो चित्रपट लागला की हातातलं काम टाकून बसतात. १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ'ची मुळं औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात होती. प्रत्यक्षात घडलेली गोष्ट. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात तिला रौप्य अस्वल मिळालं.

आणि मग? माझं मत स्पष्ट सांगते, तुमच्यातल्या काहींना ते रुचणार नाही. रंग आले, नाच आले, कारंजी आणि महाल आले, आणि चौकटीतला माणूस लहान होत गेला. १९७२ साली 'पिंजरा'ने थिएटरं भरभरून वाहिली, गावोगावी त्याची पारायणं झाली, हे मला मान्य आहे. मीही त्यातली गाणी गुणगुणतच वाढले. पण 'कुंकू'मध्ये ज्या मुलीच्या डोळ्यांत बघून प्रेक्षक अस्वस्थ झाला, तशी मुलगी त्यांच्या शेवटच्या वीस वर्षांतल्या चित्रपटांत मला सापडत नाही. वेशभूषा सापडते, नेपथ्य सापडतं. आज माझ्या वर्गातल्या मुलांना शांताराम हे नाव माहीत असलंच तर ते मोबाइलवरच्या एखाद्या नाचाच्या तुकड्यापुरतं. एवढ्या मोठ्या माणसाचा वारसा एवढासा उरावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण त्यांचं नाव आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते आपल्या संमेलनांत कुणी सांगत नाही. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी मुंबईत आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. १९९० पासून तो भरतो आहे. तिथे माहितीपटात आयुष्य घालवलेल्या माणसाला जीवनगौरव दिला जातो, आणि त्या पुरस्काराला व्ही. शांताराम यांचं नाव आहे. जो धागा मोठ्या सेटवर सुटला तो कॅमेरा खांद्यावर घेऊन पायी फिरणाऱ्यांच्या हातात गेला, असं मी मानते. वडगावची ती दोन मुलं मला त्या घराण्यातली वाटतात.

आता निपाणीकडे येते. माझं आजोळ निपाणीचं. आजी, दोन मावश्या, शेजारपाजारच्या बायका, सगळ्या तंबाखूच्या वखारीत कामाला. निपाणी म्हटलं की १९८१चं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि शरद जोशी आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही संघटित होत होत्या. बंगळूरमधल्या 'युगांतर' नावाच्या गटातल्या मंडळी, दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर, निपाणीत येऊन राहिल्या. महिनोन् महिने त्या बायकांशी बोलल्या, त्यांच्या बैठकांना बसल्या, आणि मग कॅमेरा बाहेर काढला. १९८२ साली फिल्म तयार झाली, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. अर्ध्या तासाच्याही आतली, कृष्णधवल, मराठीतली. तोवर बाहेरच्या कुणी न पाहिलेला वखारीच्या आतला भाग त्यात आहे, मोर्चे आहेत, आणि बायकांनी एकत्र बसून निर्णय कसे घेतले ते त्यांनीच पुन्हा करून दाखवलं आहे.

बंगळूरची मंडळी, कर्नाटकातलं गाव, मराठी बोलणाऱ्या बायका. कुणाचं गाव कुणाचं, हा वाद ती फिल्म घालत नाही. कामाचे तास किती, मजुरी किती, धुरळा किती, हे विचारते.

एका मैत्रिणीने मला ती फिल्म मिळवून दिली आणि मी ती निपाणीत धाकट्या मावशीच्या घरी लावली. भिंतीला चादर, शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर, गल्लीतल्या सात-आठ बायका. सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच मावशी म्हणाली, "थांबीव. मागं घे जरा." मी मागे घेतलं. पडद्यावर एक बाई काम करत होती, तोंडावर पदर. मावशी उठून चादरीजवळ गेली. "ही जुनी कामकरीण हाय. हात बघ की तिचा, थांबतोय का कुठं?" मग दुसरी बोलली, मग तिसरी. कुठल्या दिवाणजीने वजनात कशी लबाडी केली, रात्री खोकला कसा येई, पगाराच्या दिवशी कोण कुणाच्या पाठीशी उभी राहिली. मावशी म्हणाली, घरी आल्यावर लेकरं जवळ येत नसत, केसातला वास जात नव्हता म्हणून. तिचा थोरला मुलगा तिथेच दारात उभा होता. चाळिशी ओलांडलेला माणूस. आईचं हे बोलणं त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. फिल्म संपून तास उलटला तरी बायका उठेनात.

या फिल्मचं पुढे काय झालं तेही ऐका. तिची मूळ रीळं जपून, डागडुजी करून तिला नव्या रूपात आणलं ते बर्लिनमधल्या 'आर्सेनल' या संस्थेने. ज्या शहराने शांतारामबापूंना रौप्य अस्वल दिलं, त्याच शहराने निपाणीच्या वखारीतल्या बायकांचे चेहरे सांभाळून ठेवले. आणि आपण? निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर. एवढ्या अंतरात एवढी संमेलनं होतात, आणि मी आजवर हजेरी लावलेल्या एकाही मंडपात ही फिल्म लागलेली नाही.

मला ठाऊक आहे, काही ज्येष्ठ म्हणतील, साहित्य संमेलनात सिनेमा कशाला. त्यांना मी आदराने सांगेन की नारायण सुर्व्यांची कविता ज्यांनी कधी वाचली नाही अशा मुलांना ती अरुण खोपकरांच्या सुर्व्यांवरच्या माहितीपटातून भेटू शकते. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. झोपडपट्टीतल्या बायकांचं ऐकता ऐकता अहवालात हे सगळं मावत नाही असं त्यांना वाटलं आणि १९८५ साली त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऐकणं आणि सांगणं हेच साहित्याचं काम असेल, तर ही माणसं आपल्याच पंगतीतली आहेत.

आणि माहितीपट लोकांना कंटाळवाणा वाटतो, हा दुसरा आक्षेप. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी फिल्म लागायची, तेव्हा माणसं बाहेर चहा पीत उभी राहायची, त्यातून हा समज पडला असावा. पण सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कॅमेरा घेतला तेव्हा त्यांनी काय चित्रित केलं? हँगिंग गार्डनमधली कुस्ती, पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चौदा वर्षं आधी. येळ्ळूरच्या मैदानाला आणि आनंदवाडीच्या आखाड्याला गर्दी करणाऱ्या आपल्या माणसांना खऱ्या घटनेचं चित्र कंटाळवाणं वाटेल, हे मला पटत नाही.

खरी घाई वेगळीच आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन हा मराठी भाग पलीकडच्या राज्यात गेला, तेव्हा जे विशीत होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात अभिवादनाला येणारे जुने चेहरे दरवर्षी कमी होतात. १९८६च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेली मुलं आता साठीची झाली. दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहताना आपण त्यांच्याशी दोन शब्द बोलतो आणि घरी येतो. त्यांच्या तोंडून सलग, निवांत, त्यांच्या ओसरीवर बसून ऐकलेलं आणि टिपून ठेवलेलं आपल्याजवळ किती आहे? सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याची कागदपत्रं आहेत, भाषणं आहेत. पण आंदोलनाला निघताना आईने भाकरी बांधून दिली की दार अडवलं, हे कुठल्याही दाव्यात लिहिलेलं नसतं. तो माणूस गेला की ते गेलं. भव्य चित्रपट योग्य वेळ येण्याची वाट बघू शकतो, ही माणसं बघू शकत नाहीत.

एवढंच नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्यातल्या गावांतून, पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीत घालून खांद्यावरून आणतात. अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, तेव्हापासून गाव सोडायचं की राहायचं हा प्रश्न त्या घरांत रोज बोलला जातो. तिथे एखाद्या मुलीने वर्षभर अधूनमधून जाऊन नुसतं ऐकलं, तर जे हाती येईल ते कुठल्याही बातमीत येणार नाही. वेळ द्यावा लागतो. आनंद पटवर्धनांनी रमाबाई नगरच्या १९९७च्या गोळीबारापासून सुरू केलेला माहितीपट २०११ साली पुरा झाला, चौदा वर्षं. तेवढा वेळ माणूस तेव्हाच देतो, जेव्हा गल्ल्याचा हिशेब डोक्यात नसतो.

आणि कुमारजींना विसरू नका. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, १९२४ सालचा जन्म. देवासने त्यांना सांभाळलं, साऱ्या देशाने डोक्यावर घेतलं. जब्बार पटेलांनी त्यांच्यावर 'हंस अकेला' हा माहितीपट केला आहे. चित्रपटांमुळे घराघरात पोचलेला दिग्दर्शक एका गायकाच्या श्वासाचा माग काढत जातो, हे बघण्यासारखं आहे. सुळेभावीच्या देवळासमोर संध्याकाळी पडदा लावून तो दाखवण्याचं काम कुठलं संमेलन उचलेल? जे उचलेल त्याच्या सतरंज्या घालायला मी येईन. कन्नड बोलणारे गावकरी शेजारी बसतील, आणि बसावेतच. ते गाणं दोघांचंही आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून तेही सांगते. मोठ्या पाहुण्याचा गाडीखर्च, हॉटेल आणि मानधन यातून चार माहितीपटकारांचं येणं-जाणं आणि थोडंफार मानधन सहज भागतं. पडद्यासाठी शाळेचा सभागृहासारखा वर्ग पुरे, खिडक्यांना काळं कापड लावलं की झालं. उघड्यावर करायचं तर साडेसातनंतर. आवाजासाठी भोंगा नको, दोन साधे स्पीकर पडद्याच्या बाजूला, कारण भोंग्यात माणसाचं बोलणं फाटतं आणि माहितीपटात बोलणंच सगळं काही असतं. फिल्म दाखवण्याआधी करणाऱ्यांची परवानगी घ्यायची, त्यांना बोलवायचं, आणि फिल्म संपल्यावर ज्यांच्यावर ती आहे त्यांना आधी बोलू द्यायचं, अध्यक्षांना नंतर. एका फिल्मनंतर अर्धा तास गप्पांना ठेवा. तीन फिल्म पुरेत, चौथीचा मोह नको.

सत्काराच्या शाल-श्रीफळाऐवजी या मुलांना एक बरा कॉलर माइक द्या. मोबाइलचा कॅमेरा सगळ्यांकडे आहे. आवाज नीट येत नाही म्हणून चांगल्या मुलाखती वाया जातात, हे मी वडगावच्या मुलांकडे पाहिलं आहे. आणि गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक हार्ड डिस्क ठेवा, तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या वाचनालयात. २००३ साली पुण्यात 'प्रभात'च्या जुन्या रिळांना आग लागली, जे गेलं ते परत आलं नाही. एकाच जागी ठेवलेलं कधी जाईल सांगता येत नाही.

मोठ्या दिग्दर्शकांनाही जरूर बोलवा. फक्त त्यांना दुपारी जाऊ देऊ नका. संध्याकाळच्या सत्राला पहिल्या रांगेत बसवा आणि वडगावच्या आजोबांचे माग बघायला लावा. त्यांच्यातला जुना माणूस अजून जिवंत असेल तर तो त्या रात्री नक्की काहीतरी बोलेल, आणि ते ऐकायला मला फार आवडेल.

निपाणीच्या फिल्मच्या परवानगीसाठी पत्र लिहिण्याचं काम मी अंगावर घेते. वडगावच्या मुलांची फिल्म तयार आहे. पत्रिका छापायला जाण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतच, आपली एक बैठक झाली तर बरं. ज्या संयोजकांना हे पटतं त्यांनी तारीख कळवावी, मी आणि माझ्या शाळेतले दोन सहकारी येऊ.

आपली नम्र,
वडगावची एक मराठी शाळाशिक्षिका